चेकराइडचे पैसे

बारावी झालेल्या मुलीला पायलट व्हायचंय, हे घरात एकदा मान्य झालं की खराडीतल्या डायनिंग टेबलावर दोन कोटेशनं येऊन पडतात. एक बारामतीचं किंवा शिरपूरचं, दुसरं फ्लोरिडाचं नाहीतर टेक्सासचं. भारतीय कोटेशन आटोपशीर असतं. दोनशे तासांचं उड्डाण, ग्राउंड क्लास, हॉस्टेल, युनिफॉर्म, आणि खाली लाखांतला एक आकडा, जो वाचून आजोबा चष्मा पुसून पुन्हा वाचतात. अमेरिकन कोटेशनात मात्र ओळीच ओळी: विमानाचं तासाचं भाडं, इन्स्ट्रक्टरचा तास, हेडसेट, लेखी परीक्षा, मेडिकल. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की परीक्षकाची फी यात धरलेली नाही. ती उमेदवाराने परस्पर परीक्षकाला द्यावी.

इथे वडील अडतात. जो पास-नापास ठरवणार, त्याच्याच हातात पैसे ठेवायचे? आपल्याकडे अशा व्यवहाराला काय म्हणतात ते सांगायला नको.

शंका रास्त आहे. पण तिच्या मागे लागलं, तर वैमानिकाची परीक्षा नेमकी कोण घेतं, तिचा खर्च कोण उचलतं आणि आपल्याकडच्या कोटेशनात ती ओळ का नसते, हे सगळं हळूहळू उलगडत जातं. शेवटचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तसं खराडीला विमानांचं अप्रूप नाही. उत्तरेला तीन-चार किलोमीटरवर लोहगावची धावपट्टी. दिवसभर एअरबस चढतात-उतरतात, आणि सुखोई उठली की ईऑन आयटी पार्कमधल्या मीटिंगला क्षणभर विश्रांती मिळते. पण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे दोन सीटची सेस्ना घेऊन दिवसभर लँडिंग घोटत बसायला कुणी देणार नाही. म्हणून खराडीतून वैमानिक व्हायला निघालेला माणूस सोलापूर रस्त्याला लागून शंभरेक किलोमीटरवरच्या बारामतीला जातो, शिरपूर, धुळे किंवा गोंदियाची वाट धरतो, नाहीतर व्हिसाच्या रांगेत उभा राहतो. खराडीत आणखी एक जमात आहे: प्रोजेक्टवर अमेरिकेला गेलेले आयटीवाले, जे तिथे शनिवार-रविवारी हौस म्हणून विमान शिकतात. ही दुसरी जमात पीपीएलची, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्सची खरी गिऱ्हाइकं.

पीपीएल हे हौशी वैमानिकाचं लायसन्स. विमान चालवा, मित्रांना शेजारी बसवा, पण त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. जगभर त्याच्या किमान अटी साधारण सारख्या आहेत, कारण त्या आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिलेल्या आहेत. वय १७ वर्षं, उड्डाण ४० तास, आणि त्यात पाच तास एकट्याने लांब पल्ल्याचं उड्डाण. त्यातली एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे २७० किलोमीटरची, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरलेली. अमेरिकेत व्यावसायिक लायसन्सच्या आधी पीपीएलची पायरी चढावीच लागते. भारतात ती पायरी आहे, पण तिच्यावर फारसं कुणी थांबत नाही. बहुतेक मुलं थेट २०० तासांच्या सीपीएलकडे, म्हणजे व्यावसायिक लायसन्सकडे धावतात. थांबून करायचं काय? भाड्याने छोटं विमान मिळत नाही, लहान विमानतळ मोजके, आणि पिस्टन इंजिनाचं खास पेट्रोल महाग. त्यामुळे पीपीएलच्या परीक्षेचा असा वेगळा बाजार आपल्याकडे तयारच झाला नाही. अमेरिकेत तो झाला, आणि चांगलाच तापला.

तिथे या परीक्षेला चेकराइड म्हणतात. शिकायला गेलेली आपली मुलंही तोच शब्द घेऊन परत येतात. परीक्षेचे दोन भाग असतात. आधी जमिनीवर तोंडी: नकाशा, हवामान, विमानाची कागदपत्रं, वजनाचा हिशेब, कुठल्या आकाशात कुणाची परवानगी लागते. ही तोंडी सहज दीड-दोन तास चालते. मग प्रत्यक्ष उड्डाण, तेही साधारण तेवढंच. मापं ठरलेली असतात. ४५ अंशांवर विमान कलंडवून पूर्ण वळसा घ्यायचा, तर त्या वळशात उंची १०० फुटांपेक्षा जास्त हलता कामा नये, वेग १० नॉटच्या आत राहिला पाहिजे, आणि बाहेर पडताना दिशा १० अंशांच्या आत सापडली पाहिजे. आखूड धावपट्टीवर उतरण्याचं प्रात्यक्षिक देताना आधी सांगितलेल्या खुणेच्या अलीकडे चाक टेकलं तर गेलं, आणि खुणेच्या पुढे २०० फुटांपर्यंतच मुभा. मध्येच परीक्षक शांतपणे थ्रॉटल मागे ओढतो आणि म्हणतो, ‘तुझं इंजिन बंद पडलं, आता काय करशील?’ उमेदवाराने वाऱ्याची दिशा आठवायची, शेत निवडायचं आणि तिकडे घसरत निघायचं. शेत खरोखर गाठता येईल असं दिसलं की परीक्षक इंजिन परत देतो. पास झालं तर तात्पुरतं लायसन्स त्याच दिवशी हातात पडतं, १२० दिवस चालणारं. पक्कं कार्ड मागाहून टपालाने येतं.

आता पैसे. परीक्षकाला त्याच्या दिवसाबद्दल जे द्यायचं, तो आकडा सरकार ठरवत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान प्रशासनाचे पगारी निरीक्षक परीक्षा घेतात तेव्हा फी लागत नाही. पण असा निरीक्षक मोकळा सापडणं अवघड, आणि दिवसेंदिवस अवघडच होत गेलं. १९४० च्या दशकात हौशी आणि होतकरू वैमानिकांची संख्या इतकी वाढली की सरकारी माणसं पुरेनात. तेव्हापासून हे काम खासगी अनुभवी वैमानिकांकडे सोपवायची पद्धत पडली. त्यांना डेझिग्नेटेड पायलट एक्झामिनर म्हणतात. अधिकार सरकारचा, पगार शून्य. उमेदवाराकडून त्यांनी वाजवी फी घ्यावी, एवढंच सरकारचं म्हणणं, आणि वाजवी म्हणजे किती हे परीक्षकाने ठरवायचं. दहा-बारा वर्षांपूर्वी पीपीएलच्या परीक्षेला चारशे-पाचशे डॉलरमध्ये भागत असे. आता आठशे ते हजार डॉलर सर्रास घेतले जातात, काही भागांत त्याहूनही जास्त. आपल्या पैशात हे ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात जातं. विमानाचं भाडं त्यात नाही. परीक्षेचं विमान उमेदवारानेच आणायचं असतं.

फी दुपटीने का वाढली, याचं उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात आहे. परीक्षक देशभरात हजाराच्या आसपास, त्यातले बरेच वयस्कर. उलट विमान कंपन्यांची भरती जोरात, आणि शाळा कारखान्यासारख्या विद्यार्थी बाहेर काढू लागलेल्या. परीक्षकाची तारीख मिळायला आठवडेच्या आठवडे लागू लागले. यावर इतकी ओरड झाली की २०१८ च्या कायद्यात अमेरिकी संसदेने खास या परीक्षकांच्या व्यवस्थेचा अभ्यास करायला गट नेमायला लावला. एका दिवसात एका परीक्षकाने किती परीक्षा घ्याव्यात आणि कुठल्या भागात घ्याव्यात, यावरचे निर्बंधही त्या सुमारास सैल झाले. फीवर मर्यादा मात्र आली नाही.

खरं म्हणजे उमेदवाराला फीपेक्षा वाट पाहणं महाग पडतं. तयार झालेला विद्यार्थी महिनाभर नुसता बसून राहिला तर हात गंजतो, म्हणून तो आठवड्याला दोन तास उडत राहतो. विमान आणि इन्स्ट्रक्टर मिळून तासाला दोनशे डॉलर धरले, तरी चार आठवड्यांचे सोळाशे होतात. परीक्षकाच्या हजार डॉलरबद्दल सगळे कुरकुरतात, या सोळाशेबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते हप्त्याहप्त्याने जातात. म्हणून तिथल्या शहाण्या शाळा विद्यार्थ्याची तयारी पूर्ण व्हायच्या आधीच परीक्षकाची तारीख अडवून ठेवतात. पहिल्याच भेटीत शाळेला विचारावं, की तुमच्याकडे नेहमी येणारा परीक्षक आहे का आणि तो किती आठवड्यांनी येतो. विमानं किती चकाचक आहेत, यापेक्षा या उत्तरावर एकूण खर्च जास्त अवलंबून असतो.

परीक्षकाची बाजूही ऐकायला हवी. पीपीएलच्या एका परीक्षेत त्याचा अर्धा दिवस सहज जातो, पुष्कळदा पूर्ण. सकाळी ढग उतरले तर तो दिवस वाया. विमा, प्रवास, आणि ठरावीक काळाने घ्यावं लागणारं स्वतःचं प्रशिक्षण हे सगळं त्याच्याच खिशातून. शिवाय जोखीम आहे, तीही विचित्र प्रकारची. अमेरिकन नियमांप्रमाणे चेकराइडमध्ये विमानाचा कप्तान परीक्षक नसतोच. कप्तान उमेदवार असतो, ज्याला अजून लायसन्स मिळालेलं नाही. परीक्षक शेजारी बसून निरीक्षण करणारा, अनोळखी नवशिक्याच्या हाती जीव देऊन मुद्दाम इंजिन मागे ओढणारा. वर्षाला अशा दोन-तीनशे परीक्षा घेणाऱ्याला माझ्या मते हजार डॉलर जास्त नाहीत. पण हे माझं मत. भरायचे ज्यांना, त्यांचं वेगळं असू शकेल.

परीक्षक विमानात चढला ही तशी पुढची गोष्ट. सुरुवातीला तो जमिनीवर उभा असे, आणि त्यात शहाणपण होतं. १९१९ च्या पॅरिस करारात हौशी वैमानिकाच्या कसोट्या लिहून ठेवल्या होत्या. ५०० मीटर अंतरावर दोन खुणा रोवायच्या आणि उमेदवाराने एकट्याने, २०० मीटरपेक्षा वर न जाता, त्या दोन खुणांभोवती इंग्रजी आठचा आकडा पाच वेळा काढायचा. मग उतरून ठरवलेल्या जागेपासून ५० मीटरच्या आत थांबायचं. दुसरी कसोटी उंचीची: वर चढून इंजिन बंद करायचं आणि नुसतं घसरत खाली येऊन परीक्षकांनी नेमून दिलेल्या ठिकाणापासून १५० मीटरच्या आत उतरायचं. परीक्षक म्हणजे गवतावर वही घेऊन उभी असलेली क्लबची माणसं. त्यांच्या जिवाला धोका नव्हता, आणि त्यांना वेळही फारसा द्यावा लागत नसे.

आपल्याकडे लायसन्स मिळवलेला पहिला वैमानिकही अशाच क्लबच्या जमान्यातला. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळालेल्या प्रमाणपत्रावर क्रमांक होता १. ते प्रमाणपत्र देणारी संस्था होती एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा, म्हणजे तीही एक क्लबच. तुम्ही क्लबचे सभासद, क्लबचा इन्स्ट्रक्टर तुमचा गुरू, क्लबचीच माणसं तुमचे परीक्षक, आणि वर्गणीत सगळं आलं. भारतातल्या आजच्या पद्धतीचं मूळ या क्लबच्या दिवसांत आहे असं मला वाटतं. १९३७ च्या विमान नियमांनी परीक्षा सरकारच्या अखत्यारीत आणली, पुढे डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आलं, १ जानेवारी २०२५ पासून जुन्या १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. परीक्षक शाळेच्याच घरातला असण्याची सवय मात्र बरीचशी टिकली.

म्हणजे कसं? लेखी परीक्षा डीजीसीए घेतं, तिची फी सरळ सरकारी तिजोरीत जाते. उड्डाणाची चाचणी डीजीसीएने मान्यता दिलेल्या परीक्षकाकडे असते, आणि वर्षानुवर्षं ती बहुतांशी शाळेच्या सीएफआयने, म्हणजे चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरने घेतलेली आहे. त्याला पगार शाळा देते. म्हणून बारामतीच्या कोटेशनात परीक्षकाच्या फीची ओळ नसते. याचा अर्थ परीक्षा फुकट आहे असा नाही. ती तासांत मुरलेली आहे.

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सीपीएलसाठी भारतात एक चाचणी पुरत नाही. दिवसाची जनरल फ्लाइंग टेस्ट, रात्रीची वेगळी, मग दिवसा २५० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री चाचणी, रात्री १२० नॉटिकल मैलांची, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची आणखी एक. सेस्ना १५२ ताशी नव्वद-शंभर नॉटने जाते. २५० मैलांना अडीच-पावणेतीन तास लागतात. तासाचा दर पंधरा हजार धरला तर या एका चाचणीचेच चाळीस हजार झाले. रात्रीच्या १२० मैलांना सव्वा तास, दोन्ही जनरल फ्लाइंग टेस्ट मिळून आणखी दीड-दोन तास, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग बहुधा दोन इंजिनांच्या विमानावर, ज्याचा तास साध्या विमानाच्या दुप्पट-तिप्पट पडतो. सगळं मिळून बेरीज लाखाच्या पार जाते. फरक एवढाच, की यातले परीक्षकाचे किती आणि पेट्रोलचे किती, हे तुम्हाला कळत नाही. शाळेलाही ते वेगळं काढून सांगायची गरज पडत नाही. नापास झालात तर तोच तास पुन्हा उडायचा आणि त्याच दराने भरायचा.

कोटेशनात आणखी एक ओळ तपासावी. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेच्या चोपन्नाव्या बैठकीत विषय आला आणि ऑक्टोबरमध्ये परिपत्रक निघालं: डीजीसीएची मान्यता असलेल्या शाळेचा मान्यताप्राप्त वैमानिक अभ्यासक्रम, ज्याच्या शेवटी डीजीसीएच्या नियमांप्रमाणे पूर्णतेचं प्रमाणपत्र मिळतं, जीएसटीतून मुक्त आहे. चाळीस-पन्नास लाखांच्या बिलावर अठरा टक्के म्हणजे एखादी बरी मोटार. जुन्या नमुन्याच्या कोटेशनात ती टक्केवारी अजून दिसली तर विचारायला लाजू नये.

परीक्षकाची फी दिसत नाही, त्यात बिघडलं कुठे? इंजिनिअरिंगच्या ओरल्स दिलेला कुणीही पुणेकर हे चटकन ओळखेल. ओरलला आपल्या कॉलेजच्या सरांबरोबर दुसऱ्या कॉलेजचा एक्स्टर्नल असतो. त्याचं मानधन विद्यापीठ देतं. त्याला कॉलेजच्या निकालाशी काही देणंघेणं नाही, अशी व्यवस्था कागदावर असते. मग कॉलेज त्याला काजूकतली देतं, चहा देतं, आपली पोरं जरा घाबरट आहेत असं कानात सांगतं, ते वेगळं. पण निदान एक्स्टर्नल असतो. फ्लाइंग स्कूलच्या सीएफआयने आपल्याच शाळेच्या मुलाची चाचणी घेणं म्हणजे एक्स्टर्नलशिवायची ओरल. तो सीएफआय कितीही काटेकोर असो, आणि असे काटेकोर मी ऐकून आहे, की ज्यांच्या नावाने पोरं रात्री दचकून उठतात. तरी त्याने चार मुलं एका महिन्यात नापास केली तर त्याच्या मालकाला ते कसं वाटेल, हा प्रश्न उरतोच.

युरोपने याला नियमाने उत्तर दिलंय. लायसन्ससाठी आवश्यक असलेल्या शिकवणीतला २५ टक्क्यांहून जास्त भाग ज्याने स्वतः दिला, किंवा ज्याने परीक्षेला बसायची शिफारस केली, त्याने त्या उमेदवाराची परीक्षा घ्यायची नाही. अमेरिकेतही परीक्षकाला स्वतः शिकवलेल्याची चेकराइड परस्पर घेता येत नाही. फी मात्र दोन्हीकडे उमेदवारच देतो. म्हणजे वडिलांची शंका शिल्लक राहतेच: पैसे देणाऱ्याला नापास कोण करेल? उत्तर असं, की अमेरिकेत फी निकालावर अवलंबून नसते. पास झालात तरी तेवढीच, नापास झालात तरी तेवढीच, उलट नापास झालात तर फेरपरीक्षेची वेगळी. पैशाच्याच दृष्टीने पाहिलं तर परीक्षकाला नापास करणं फायद्याचं. आणि मग उलटीच कुजबुज ऐकू येते, की अमुक परीक्षक फी दुसऱ्यांदा मिळावी म्हणून पाडतो. दुसऱ्या टोकाला ‘अमुककडे जा, तो सोपा आहे’ असाही बाजार असतो, आणि शाळा त्यालाच पुन्हा पुन्हा बोलावतात. या दोन्ही ओढींना धरून ठेवते ती एकच गोष्ट: प्रत्येक परीक्षेची नोंद एफएएकडे जाते, आणि कोण किती पाडतो, किती काढतो, हे सरकारला दिसतं. अधिकार सरकारने दिलेला असल्याने तो काढूनही घेता येतो, आणि काढला की परीक्षकाची फीच बंद.

ब्रिटनमध्येही फी उमेदवार आणि परीक्षक आपसात ठरवतात; सरकार फक्त आपल्या पगारी परीक्षकांचे दर जाहीर करतं. पण तिथे एक गमतीदार प्रथा आहे. चाचणीत कप्तान परीक्षक असतो. उमेदवार पास झाला तर त्याच्या लॉगबुकात ते उड्डाण कप्तानाच्या देखरेखीखाली कप्तान म्हणून नोंदवलं जातं. नापास झाला तर तेच उड्डाण शिकाऊ म्हणून. म्हणजे वर असताना तुम्ही नेमके कोण होतात, हे खाली उतरल्यावर ठरतं.

आपल्याकडे नोंदींची बाजू बरीच वर्षं लंगडी होती. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले वैमानिक सापडले, काही ठिकाणी न उडलेले तास लॉगबुकात चढवलेले आढळले, आणि देशभर लायसन्सांची फेरतपासणी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच आठवड्यात दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले, आणि डीजीसीएने संबंधित संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांना श्रेणी द्यायला सुरुवात झाली; पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही. पालकांनी शाळा निवडताना ही यादी जरूर पाहावी. आता अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची मोठी शाळा येते आहे, वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचा बेत जाहीर करून. १८० मुलं म्हणजे, वर मोजल्याप्रमाणे, वर्षाला नऊशेच्या आसपास चाचण्या. त्या कोण घेणार? घरचाच सीएफआय की बाहेरून आलेला परीक्षक? बाहेरून आला तर त्याचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न आज ना उद्या महाराष्ट्रातही उघडपणे विचारावा लागेल. माझं विचाराल तर फीची वेगळी ओळ यावी. मुला-मुलींनी परीक्षकाला वीस-पंचवीस हजार जास्त मोजावे लागले तरी चालतील, पण तो शाळेच्या पगारावर नसावा, आणि दर डीजीसीएने जाहीर करावा. अमेरिकेसारखा मोकाट सोडू नये.

खराडीतून निघणाऱ्या वाटांपैकी हडपसरची वाट सांगायची राहिली. खराडीहून मुंढव्याचा पूल ओलांडला की पलीकडे हडपसरचं ग्लायडिंग केंद्र. विंचने दोर ओढून ग्लायडर वर सोडायचं, दोर सुटला की इंजिनाशिवाय तरंगत खाली यायचं. हे केंद्र कित्येक वर्षं खुद्द डीजीसीएने चालवलं. इन्स्ट्रक्टर सरकारी नोकर, परीक्षकही सरकारी. परीक्षकाची फी नावाची गोष्टच नव्हती, आणि उड्डाणाचे दर असे, की कॉलेजच्या पोरालाही झेपावेत. एअरबस चालवायचं लायसन्स तिथे मिळत नाही, हे खरं. पण वैमानिकाची परीक्षा सरकारने स्वतःच्या खर्चाने घेतली तर ती कशी दिसते, याचा नमुना पुण्याच्या पूर्वेला इतकी वर्षं होता.

आता मुलगी अमेरिकेलाच निघाली असेल तर चार गोष्टी आधी लेखी विचारून घ्याव्यात. परीक्षकाची पूर्ण फी किती. नापास झाल्यास फेरपरीक्षेची किती. हवामानामुळे परीक्षा अर्ध्यावर थांबली तर उरलेल्या भागासाठी पुन्हा पैसे पडतात का. आणि त्या दिवशीचं विमानाचं भाडं कुणाच्या नावावर. चेकराइड अर्ध्यावर थांबली किंवा एखाद्याच भागात अडकली, तर झालेले भाग ६० दिवस धरले जातात. तेवढ्या दिवसांत परत गेलं तर राहिलेलंच द्यावं लागतं, उशीर झाला तर सगळं पहिल्यापासून. परत आल्यावर अमेरिकन लायसन्सचं भारतीय करताना डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि मेडिकल आहेतच. शिवाय उड्डाणाच्या चाचण्या ताज्या नसतील तर इथल्या विमानावर, इथल्या तासाच्या दराने पुन्हा द्याव्या लागतात. बजेटमध्ये हे दोनदा धरावं.

आणि एक गोष्ट शाळा सहसा सांगत नाहीत. तिथल्या बऱ्याच चेकराइड विमान सुरू व्हायच्या आधीच संपतात. तोंडीच्या सुरुवातीला परीक्षक विमानाची देखभालीची वही मागतो. वार्षिक तपासणीची नोंद सापडली नाही, किंवा इन्स्ट्रक्टरने विद्यार्थ्याच्या लॉगबुकात एखादी सही करायची राहिली असेल, तर परीक्षा तिथेच थांबते. अशा वेळी फी परत करायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवलेलं असतं. पुष्कळ परीक्षक करत नाहीत. तेव्हा चेकराइडच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या ऑफिसात जावं, दोन्ही वह्या मागून घ्याव्यात, आणि सही-शिक्क्यांच्या तारखा स्वतःच्या बोटाने मोजून पाहाव्यात.